नऊ लाखांची किती बसली?

उदयसिंह मान्यांना राग येण्याचं मुख्य कारण त्यांच्या शेजारीच राहत होतं. त्या कारणाचं नाव जोतीराम सुभेदार. सैन्यातून चाळिशीतच मोकळा झालेला हा गृहस्थ कित्येक वर्षं कोरेगावातल्या आपल्या ओट्यावर बसून पेन्शन घेत होता. नुसती घेत असता तर उदयसिंहांची काही तक्रार नव्हती. पण दर महिन्याला बँकेचा मेसेज आला की जोतीराम मोबाईल हातभर लांब धरायचा आणि आकडा साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा बेतानं वाचायचा. वर "ह्यात अजून वाढीव भत्ता धरला न्हाई हां," असंही सांगायचा. मग मिलिटरी कॅन्टीनचा साबण आणि चहा आणायला पिशवी घेऊन साताऱ्याला निघायचा, आणि निघता निघता कुंपणावरून विचारायचा, "मग उदयराव, तुमची किती बसणार?"

उदयसिंह खरेदी-विक्री संघाच्या खत गोदामावर कारकून होते. संघात दरमहा पेन्शनची भानगड नव्हती. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून एक रक्कम हातावर ठेवायची आणि "आता तुमचं तुम्ही बघा" म्हणून नमस्कार करायचा, अशी तिथली रीत. ही रक्कम नऊ लाख निघाली. नऊ लाख म्हणताना तोंड कसं भरून येतं! उदयसिंहांनी आयुष्यात एवढे पैसे फक्त दुसऱ्याच्या पासबुकात पाहिले होते. त्यामुळे त्यांनी जोतीरामाला ताठ मानेनं सांगितलं, "आमची एकदम बसणार. नऊ लाख."

"ते झालं," जोतीराम म्हणाला. "पर महिन्याला किती?"

हा प्रश्न घरात लीलाबाईंनीही विचारला होता, पण बायकोच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं असं उदयसिंहांना लग्नापासून कधी वाटलं नव्हतं. लीलाबाईंनी मग स्वतःच हिशेब सांगितला. ज्वारी आणि शेंगा रानातनं येतात, घर आपलं आहे. राहिलं लाईट, गॅस, तेलमीठ, तिच्या शुगरच्या गोळ्या, ह्यांच्या बीपीच्या गोळ्या आणि लग्नकार्याचं जाणंयेणं. "म्हैन्याला सहा हजार आलं की आपण कुणाच्या बापाचं मिंधं न्हाई," ती म्हणाली.

कुणाच्या बापाचं म्हणजे खरं तर लेकाचं. साईराज पुण्यात अकराव्या मजल्यावर राहत होता आणि "आण्णा, रिटायर झाला की हिकडंच या," असं प्रत्येक फोनवर म्हणत होता. मुलगा गुणी, सून संयोगिता त्याहून गुणी. पण मागच्या खेपेला दोघं तिथं राहून आली तेव्हा उदयसिंहांना त्या घरात एकच काम होतं. बेल वाजली की दार उघडायचं, पार्सल घ्यायचं आणि ओटीपी सांगायचा. गोदामावर ज्याच्या सहीशिवाय खताचं पोतं हललं नाही, तो माणूस लेकाच्या दारात अर्ध्या चड्डीतल्या पोराला आकडे वाचून दाखवत होता. परत येताना गाडीत त्यांनी लीलाबाईंना सांगून टाकलं की मरेन, पण त्या दारात कायमचा जाऊन बसणार नाही. लीलाबाईंचंही तेच होतं. तिथल्या गॅसच्या शेगडीला हात लावायची तिला भीती वाटायची.

म्हणजे सहा हजारांचा प्रश्न होता. तो सोडवण्यासाठी उदयसिंहांनी सर्वात आधी काय केलं असेल, तर जेवण घातलं.

आमच्या भागात माणूस नोकरीतून सुटला की गावाला त्याचा आनंद व्हावा लागतो. जोतीराम सुटला होता तेव्हा उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली होती, पुढं हलगी, मागं डीजे. मग खतवाल्यानं काय घोडं मारलं होतं? मांडव पडला. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर उदयसिंह मध्यभागी आणि भोवती शुभेच्छुकांची इतकी तोंडं, की काही शुभेच्छुकांशी त्यांचं बोलणंसुद्धा नव्हतं. बासुंदी-पुरीचा बेत ठरला. आणि कार्डावर, मोठेपणाचं लक्षण म्हणून, खाली एक ओळ छापली: 'कृपया आहेर आणू नये.'

आता ही ओळ छापायची असते. छापल्यावर लोक आहेर आणतात, आपण "कशाला, कशाला" म्हणतो, ते "असू द्या हो" म्हणतात, आणि पाकिटांत मांडवाचा खर्च निघून जातो. शहाण्यासुरत्या समाजात हे असंच चालतं. पण मांडवाच्या दारात पाहुण्यांच्या स्वागताला जोतीराम उभा होता. त्यानं कार्ड वाचलं होतं.

"पाकीट आत न्यायचं न्हाई," तो एकेकाला अडवून सांगत होता. "कार्डावर ऑर्डर हाय. ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

लोक आधी गडबडले, मग खूश झाले, मग पाकीट खिशात घालून दोन दोन वाट्या बासुंदी प्याले. फेटा बांधून खुर्चीवर बसलेल्या उदयसिंहांना दारातली ही कत्तल दिसत होती, पण समोर चेअरमन भाषण करत होते. "उदयसिंहरावांनी संघाच्या एका पोत्याचीही अफरातफर केली नाही," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. त्या वेळी सत्कारमूर्तीचे डोळे भरून आले होते, त्याचं कारण लोकांनी आपापल्या परीनं लावलं. हार, एक शाल, एक नारळ आणि बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ एवढं घरी आलं. एक लाख चाळीस हजार गेले.

उरलेल्या रकमेची महिन्याला किती बसते हे विचारायला उदयसिंह सांगलीला गेले. सातारा जवळ पडत होतं, पण साताऱ्याच्या विमा कंपनीत आळीतल्या कुणाचा ना कुणाचा मेव्हणा असतो आणि आकडा आपल्या आधी घरी पोचतो. सांगलीत कुणी ओळखीचं नव्हतं. तिथल्या एका कंपनीत राजेश्वरी मॅडम नावाची मुलगी टेबलावर होती. तिनं पाणी दिलं, वय विचारलं, रक्कम विचारली, बटणं दाबली आणि पडदा त्यांच्याकडं वळवला.

"महिना चार हजार शंभर, काका. तुम्ही असेपर्यंत. नंतर मूळ रक्कम वारसाला."

"चार हजार?" उदयसिंह इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या टेबलावरचा माणूस उभा राहिला. "आवं, आमच्या आळीतली म्हैस ह्यापेक्षा जास्त देती! वर शेण देती!"

"दुसरा पर्यायही आहे, काका, त्यात मागं काही उरत नाही, पण महिन्याला..."

"मागं काय उरत न्हाई म्हंजे? जन्मभराचं घेणार आन् मागं काय ठेवणार न्हाई?" असं म्हणून ते सही न करता तरातरा बाहेर पडले. बाहेर आल्यावर त्यांना आठवलं की छत्री आत राहिली आहे. पण रागानं निघालेला माणूस छत्रीसाठी परत जात नाही. ती छत्रीही हिशेबात धरली पाहिजे.

गावात आल्यावर खरा छळ सुरू झाला. पानवाला विचारायचा, "किती बसली?" न्हावी अर्धी दाढी ठेवून विचारायचा, "किती बसली?" स्मशानात, तिरडी खाली ठेवल्यावर, एकानं कानाशी येऊन विचारलं. उदयसिंह सगळ्यांना "बघायचं चाललंय" म्हणायचे. आणि बघायचं चाललंय म्हटलं की आपल्याकडं प्रत्येक माणूस दाखवायला तयार असतो.

आधी विट्याचा भाचा आला. विश्वजीतची कोईमतूरला सोनं गाळायची पेढी होती आणि गळ्यात चेन अशी, की ती सांभाळताना त्याला मान वाकडी ठेवावी लागे. "मामा," तो म्हणाला, "कंपनी चार हजार देती म्हून पैसं गाडून ठेवताय व्हय? सोनं घ्या. बसल्या जागी वाढतंय."

उदयसिंहांनी दीड लाख दिले. त्यांना बिस्किट हवं होतं, कपाटात ठेवायला. पण विश्वजीत मामीचा लाडका. बिस्किट काय मामी चहात बुडवणार आहे का, असं म्हणत त्यानं येताना दोन बांगड्या घडवून आणल्या आणि स्वतःच्या हातानं लीलाबाईंच्या मनगटात भरल्या. उदयसिंहांनी त्या मनगटाकडं पाहिलं आणि ते काय समजायचं ते समजले. बायकोच्या हातात गेलेलं सोनं ही गुंतवणूक नसते. ती बायकोची बांगडी असते.

"आवं, ह्या मी मोडू देणार न्हाई," लीलाबाई त्याच रात्री म्हणाली. "ह्या तुमच्या माघारी माझ्या."

"माघारी म्हंजे? मी कुठं निघालोय?" उदयसिंह खेकसले आणि कूस बदलून झोपले.

मग पप्पू आला. पप्पू आटपाडीकडचा, पिढीजात मेंढपाळाच्या घरातला. दरवर्षी उन्हाळ्यात त्याची मेंढरं खतासाठी उदयसिंहांच्या रानात बसायची, त्यामुळं ओळख जुनी. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मालक, शेळी घ्या. बारा घ्या. मी संबाळतो, निम्मी करडं तुमची, निम्मी माजी. कागूद न्हाई, कंपनी न्हाई. वर्साला दुप्पट."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. आटपाडीच्या बाजारात बारा जनावरं घेतली, त्यात चार बोकड. एक लाख वीस हजार गेले. आता उदयसिंह हे गोदामावरचे जुने कारकून. माल दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि आपण मोजला नाही, या विचारानं त्यांना जेवण जाईना. पंधरा दिवसांत ते एसटीनं आटपाडीला मोजणीला गेले. पप्पूच्या घरी आनंदीआनंद झाला. त्याची आई हरणाबाई दारात येऊन म्हणाली, "मालक आलं! आता जेवल्याबिगर जायाचं न्हाई." संध्याकाळी बाजरीची भाकरी, तांबडा रस्सा आणि सुकं मटण. उदयसिंहांनी बोटं चाटली. असा मान तर त्यांना स्वतःच्या मांडवातसुद्धा मिळाला नव्हता.

पुन्हा पंधरवड्यानं गेले. पुन्हा मटण. मोजताना एक-दोन जनावरं कमी वाटली, पण कळप चरायला पांगलेला. संशय आला म्हणून लगेच पुढच्या आठवड्यात गेले. पुन्हा मटण. संशय वाढला तसं त्यांनी साक्षीदार म्हणून जोतीरामाला सोबत नेलं, आणि फौजी पाहुणा आलाय म्हटल्यावर हरणाबाईंनी त्या दिवशी जास्तच थाट केला. परतीच्या एसटीत ढेकर देत जोतीराम म्हणाला, "काय बी म्हणा उदयराव, पेन्शन बसावी तर अशी."

पाचव्या खेपेला उदयसिंहांनी जेवणाआधी सगळी जनावरं वाड्यात कोंडायला लावली आणि मोजली. सहा भरली.

"पप्पू! माज्या शेळ्या कुठं गेल्या?"

पप्पूच्या चेहऱ्यावर चोराची छटासुद्धा नव्हती. तो खरोखर बुचकळ्यात पडला. "मालक," तो म्हणाला, "तुमीच खाल्ल्या की."

"मी?"

"मग? पैल्या येळंला दांडगा बोकड पाडला. मग दुसरा, मग तिसरा. फौजी आलं तवा दोन. आन् एक भाकड शेळी आत्ता चुलीवर हाय."

"आरं पर माज्याच कशाला पाडल्या?"

आता हरणाबाई बाहेर आली. तिच्या हातात उलथनं होतं आणि ती उदयसिंहांपेक्षाही जास्त संतापली होती. "आवं, दारात आल्याला मालक वरणभात खाऊन जाईल? आमची अब्रू हाय का न्हाई? आमच्या वाट्याची अजून येतायंत पोटातनं, तुमची हुती ती पाडली. तुमी दर पंधरवड्याला येताय म्हून आमास्नी वाटलं, मालकाला मटणाची लय आवड हाय!"

उदयसिंहांनी निमूट सहावी शेळी खाल्ली. ती चांगली झाली होती, याचाही त्यांना राग आला.

ही बातमी जोतीरामाच्या तोंडून आळीत आणि आळीतून पुण्यात गेली. साईराज गाडी काढून आला. आवाज न चढवता, पुण्याच्या मीटिंगमध्ये बोलतात तसा तो बोलला. "आण्णा, झालं ते झालं. उरलेले चार लाख नव्वद हजार आता त्या कंपनीत टाका. मूळ रक्कम परत मिळते त्या पर्यायात. म्हणजे तुमच्या माघारी पैसे सुरक्षित राहतील. आणि तुम्ही दोघं पुण्याला या. तुमचा खर्च असा कितीसा आहे?"

शेवटचं वाक्य प्रेमाचं होतं, आणि तेच सगळ्यात जास्त लागलं. बायको माघारीची बांगडी घालून बसली होती, मुलगा माघारीची रक्कम सांगत होता. आपण अजून जिवंत आहोत, साठीला टेकलो आहोत, दोन पायांवर चालतो आहोत, आणि घरचे आपल्या मागची झाडलोट करायला लागलेत! त्या दिवशी उदयसिंहांचा बीपी इतका वाढला की लीलाबाईंनी एकीऐवजी दीड गोळी दिली.

नवराबायको दोघं मिळून सांगलीला गेली. राजेश्वरी मॅडमनं ओळखलं, आणि आधी छत्री काढून दिली. मग बटणं दाबली.

"रक्कम परत मिळणाऱ्या पर्यायात महिना दोन हजार साडेसहाशे. दुसऱ्यात तीन हजार दीडशे. काका किंवा काकू, एक जण असेपर्यंत. पण मग मागं काही राहत नाही."

"म्हंजे मी मेलो, ही मेली, तर पैसं कंपनीचं?"

"हो."

"आन् आमी जगलो तर?"

"तर कंपनी देत राहणार."

"नव्वदीपतुर जगलो तर?"

"तरी देणार."

"शंभरीपतुर? कंपनीला बंद करता येत न्हाई?"

"नाही, काका." राजेश्वरी मॅडमला हसू आवरेना. "तुम्ही जगाल तेवढं कंपनीचं नुकसान."

कंपनीचं एवढं एक वाक्य उदयसिंहांना मनापासून आवडलं. त्यांनी पेन मागितलं. "दुसऱ्यावर करतो सही," ते म्हणाले. "माघारी कुणालाच काय न्हाई. मी माघारी जाणारच न्हाई."

लीलाबाईंनी मधेच विचारलं, "पोरी, आदी ह्ये आलं हुतं तवाच, सगळं नऊ लाख घेऊन आलं असतं, तर ह्याच्यात किती बसलं असतं?"

मॅडमनं बघून सांगितलं. "पाच हजार पावणेआठशे, काकू."

सांगली स्टेशनवर लीलाबाई गाडीत चढली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली. कऱ्हाड गेल्यावर तिनं तोंड उघडलं. "सहाच लागत हुतं आपल्याला. सवादोनशे कमी. मी रोजची एक भाजी कमी केली असती. बासुंदी प्याला, फेटा बांधला, मटण खाल्लं. निम्मी पेन्शन पोटात गेली तुमच्या. आन् मी कवापासनं इचारतेय, म्हैन्याला किती, म्हैन्याला किती! माजं कुणी ऐकलं?"

उदयसिंह खिडकीबाहेर बघत राहिले. आतापर्यंत त्यांना जोतीरामाचा राग आला होता, कंपनीचा, भाच्याचा, पप्पूचा, लेकाचा. आता एवढ्या सगळ्यांचा राग फिरून आपल्याच दारात येऊन बसला आणि त्याला हाकलायला जागा उरली नाही. "चुकलं," ते म्हणाले. लग्नापासून हा शब्द लीलाबाईंनी पहिल्यांदा ऐकला, त्यामुळं तिला आधी वाटलं स्टेशन चुकलं.

"उरल्याल्या सा शेळ्या घरी आणा," ती म्हणाली. "मला दूध काडता येतं. तुमाला चालता येतं."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून शेळ्या उतरल्या. पप्पूनं भाडं घेतलं नाही, वर आपल्या वाट्याचं एक करडू दिलं. संघाचे निवृत्त कारकून हातात काठी घेऊन कालव्याच्या कडेनं शेळ्यांमागं निघाले, तेव्हा ओट्यावर जोतीराम होताच. सगळी आळी होती. महिन्याची पहिली तारीख होती.

"काय उदयराव," जोतीराम म्हणाला, "शेवटी किती बसली?"

उदयसिंह थांबले. शेळ्याही थांबल्या. "तीन हजार दीडशे!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की कोपऱ्यावरच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. "तीन हजार दीडशे, भत्ता न्हाई, कॅन्टीन न्हाई! आन् मरंपतुर हाय! आन् मी मरणार न्हाई! कंपनी बुडवल्याबिगर मरणार न्हाई! अजून कुणाला इचारायचंय?"

कुणालाच विचारायचं नव्हतं. जोतीरामानं मोबाईल खिशात घातला. पुढच्या महिन्यापासून तो आकडा मनातल्या मनात वाचू लागला.

दिवाळीला साईराज सहकुटुंब आला. एव्हाना लीलाबाईंचं दूध आळीत जात होतं, एक बोकड बाजारात विकला गेला होता, आणि महिन्याला सहाच्या आसपास काहीतरी जमत होतं. कधी वर, कधी खाली. उदयसिंहांचं पोट आत गेलं होतं आणि डॉक्टरनं अर्धी गोळी कमी केली होती. साईराज परसात उभा राहून करडांकडं जरा आशेनं बघत म्हणाला, "आण्णा, पाहुणा आलोय हां मी."

"पिठलं केलंय," उदयसिंह म्हणाले. "दारात कोण बी येऊ दे, ह्या घरात आता पिठलंच."

साईराज हसला. मग म्हणाला, "ते राहू दे. पुण्याला कधी येताय? तुमच्यासाठी खोली रिकामी ठेवलीय."

उदयसिंहांनी काठी उचलली, दाव्याला बांधलेली शेळी सोडली आणि लेकाला विचारलं, "तुज्या अकराव्या मजल्यावर एवढी जनावरं बसत्यात का बघ. बसली तर कळीव." आणि ते कालव्याकडं निघाले.